खापरपणजोबांचा क्रमांक

प्रयोगशाळेत लंबकाचा दोलनकाल काढताना आपण एकाच वाचनावर थांबत नाही. दुसरे, तिसरे वाचन घेतो आणि ताडून पाहतो. परदेशी गेलेला पूर्वज शोधतानाही हीच सवय उपयोगी पडते. कशी, ते पाहू या.

मॉरिशस बेटावरील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजाने असे ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात पोहोचले. पुढे १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे गेली. बहुतेक कलकत्ता व मद्रास बंदरांतून, तर काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तेथे आहेत.

बेटावर उतरलेल्या मजुराला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, गाव, जिल्हा आणि जहाज यांची नोंद होई. मजुरांवर नजर ठेवण्यासाठी केलेली ही व्यवस्था आज वंशजांच्या कामी येते. या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत.

शोध नेहमी माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे न्यावा. प्रथम स्वतःचा जन्मदाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा, असे एकेक पायरीने मागे जावे. मजुराच्या मुलाच्या जन्मनोंदीत पुष्कळदा आईबापांचे क्रमांक सापडतात.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वृद्ध गृहस्थांना आपले खापरपणजोबा 'राघो' यांचे गाव शोधायचे आहे. नोंदवहीत १८५५ साली आलेले दोन राघो मिळाले. पहिला २० वर्षांचा, जिल्हा रत्नागिरी. दुसरा ३० वर्षांचा, जिल्हा सातारा. पणजोबांच्या १८६२ च्या जन्मनोंदीत बापाचे वय २८ आहे. म्हणजे बापाचा जन्म १८३४ चा. पहिल्या राघोचा जन्म येतो १८३५ चा, दुसऱ्याचा १८२५ चा. तर मग पहिलाच खरा?

थांबा! त्याच जन्मनोंदीतील क्रमांक मात्र दुसऱ्या राघोचा आहे. आता कोणावर विश्वास ठेवायचा?

वय हे बहुधा अंदाजाने लिहिलेले असे. त्यात पाच-दहा वर्षांची चूक सहज होई. नाव तर कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येई, तसे लिहिले जाई. क्रमांक मात्र मजुराजवळच्या कागदावरून उतरवता येई, म्हणून तो अधिक भरवशाचा. पण उतरवताना एखादा अंक चुकणे शक्य आहेच! म्हणून तिसरा पुरावा हवा. राघोच्या दुसऱ्या मुलाची जन्मनोंद काढावी. ती वेगळ्या वेळी लिहिलेली असते. तिच्यातही तोच क्रमांक असेल, तर सातारा जिल्ह्याची बाजू बळकट होते. बापाचे नावही जुळले, तर शंका फारच थोडी उरते. ही तपासणी टाळली, तर ते गृहस्थ रत्नागिरीतील एखाद्या परक्याच घरासमोर हात जोडून उभे राहतील आणि खरे गाव कायमचे हरवेल.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकाच कागदावरून केलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच!

करून पहा : आपल्या आजी-आजोबांची जन्मतारीख विचारा. ती १ जून निघाली, तर नवल वाटू देऊ नका. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी पुष्कळदा तीच लिहीत. पुढच्या साऱ्या कागदांवर तीच उतरली. मग खरे जन्मसाल कशावरून काढाल? शाळेच्या दाखल्यावर न बेतलेला एक तरी पुरावा शोधा आणि दोन्ही साले वहीत शेजारी शेजारी लिहा.