ओटीपी जुन्या नंबरावर जातोय, तर...

ओटीपी जुन्याच नंबरावर जातोय हे कळलं की माणसं 'पुन्हा पाठवा' दाबत बसतात. तू तसं करू नकोस पोरी. फार वेळा दाबलं की कधीकधी खातंच काही काळ अडकतं, आणि सरळ होणारं काम लांबतं. मोबाइल बाजूला ठेव आणि आधी एवढंच शोध, की तो नंबर आज कुणाकडे आहे.

नियम असा आहे, की ९० दिवस नंबराचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. आणि बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देता येत नाही. हा मधला काळ फार मोलाचा. सिम नुसतं हरवलं असेल किंवा नंबर नुकताच बंद पडला असेल, तर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि तोच नंबर मागून बघ. मिळाला तर पुढची सगळी पायपीट वाचली. बदली सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. कुणी चोरून सिम बदलून घेतलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये म्हणून ही सोय आहे, तेव्हा एक दिवस थांब.

नंबर दुसऱ्याच्या हाती गेला असेल तर मात्र त्याचा नाद सोड. त्या माणसाला फोन करून ओटीपी विचारू नकोस. तो भला असला तरी तुझं खातं कुठे आहे हे त्याला कळतं, आणि ते कळायला नको.

मग आधारपासून सुरुवात कर. आधारचा नंबर बदलायला कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात. सेवा केंद्रात जा, नाहीतर पोस्टात विचार. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन हे काम घरी येऊनही करतात, म्हाताऱ्या माणसांना हे फार सोयीचं. पावती जपून ठेव, तिच्यावरच्या क्रमांकाने काम कुठवर आलं ते कळतं. पण आधारचा नंबर बदलला म्हणजे बँकेचा आपोआप बदलत नाही. माझं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं, आणि हा गैरसमज घेऊन आलेली माणसं मी खूप पाहिली. बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो. शाखेत स्वतः जा, पासबुक आणि ओळखपत्र ने, अर्जाची पोच शिक्क्यासकट घे.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नकोस. तिथे चोरांनी पेरलेले नंबर असतात. पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेलाच नंबर लाव. आणि पैसे गेलेच, तर शरम न बाळगता लगेच १९३० ला फोन कर. तिथे वेळेला किंमत आहे.

गुगलच्या खात्याला काउंटर नाही, तिथे ओळख यंत्राला पटवायची असते. म्हणून ज्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर ते खातं नेहमी उघडायचीस, त्याच्यावरूनच, घरच्याच वाय-फायवरून प्रयत्न कर. नव्या फोनवरून, सायबर कॅफेतून नको. एखाद्या जुन्या फोनात खातं अजून उघडं असेल तर त्यातून लॉगआउट मुळीच करू नकोस, आत जायची वाट तीच असू शकते. आत शिरलीस की नंबर बदल आणि बॅकअप कोड काढून घे. एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून पासबुकाशेजारी ठेव. फोनात ठेवलेस तर फोनाबरोबरच जातील.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण यात घरंच्या घरं अडकतात. घरातलं माणूस गेलं की महिन्याभरात त्याच्या फोनचा रिचार्ज थांबतो. तसं होऊ देऊ नये. विम्याचा हप्ता, मुदत ठेवीचं नूतनीकरण, कुठल्यातरी पतपेढीतली ठेव, यांचे मेसेज त्याच नंबरावर येत राहतात, आणि घरच्यांना अशा ठेवींचा पत्ता कित्येकदा तेवढ्यावरूनच लागतो. सगळे दावे मिटेपर्यंत ते सिम चालू ठेवावं. पण त्यावर आलेल्या ओटीपीने त्या माणसाच्या खात्यातून पैसे काढू नयेत. ते बेकायदा आहे, आणि पुढे भावाभावांत संशय शिरतो. बँकेला मृत्यूचा दाखला द्यावा आणि नॉमिनी म्हणून रीतसर मागावं. वेळ लागतो, लागू दे.

तुझ्या आईच्या पेन्शनच्या खात्याला अजून दादाचाच नंबर आहे. तो परदेशी चाललाय, इथलं सिम तिकडे किती दिवस चालू ठेवील सांगता येत नाही. तो जायच्या आत तिला शाखेत घेऊन जा आणि तिचा स्वतःचा नंबर लावून ये.