आजारी बेडकाची सुश्रूषा



स्मरणिकेत बेडकावर लेख पाहून काहींना हसू येईल. गाय, बैल, शेळी, कुत्रा यांच्या आजारपणाची चिंता आपण करतो, बेडकाची कोण करणार? परंतु उधवा, तलासरी, डहाणू या भातशेतीच्या मुलखात मृगाचा पाऊस पडला की बेडूक न्हाणीत येतो, माठाखाली बसतो, मोरीच्या भोकातून डोकावतो. मुले त्याला डब्यात घालून घरात आणतात. त्यातला एखादा निपचित पडलेला असतो आणि मग मुले विचारतात, याला काय द्यायचे? या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे म्हणून हा अभ्यास आम्ही मांडीत आहोत.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याने कधी इतर भिक्खूंसाठी काही केले नव्हते, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथातही तथागतांच्या रुग्णसेवेला स्थान दिले आहे. ही कथा आपण पुष्कळदा ऐकतो. तिच्या पुढचा भाग मात्र कमी वाचला जातो. तेथे चांगला शुश्रूषक कोण, हे पाच गुणांनी सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला हितकर काय आणि अहितकर काय हे त्याने ओळखावे, अहितकर दूर करून हितकर जवळ आणावे. त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मळाची, थुंकीची, वांतीची किळस करू नये. आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने धीर द्यावा. त्याच जागी रुग्णाचेही गुण दिले आहेत. आपला आजार जसा आहे तसा शुश्रूषकाला सांगणे हा त्यांपैकी एक होय.

बेडूक ते सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत दुसऱ्या गुणाची, हित आणि अहित ओळखण्याची, जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते. आमच्या मते घरात आणलेले बेडूक दुर्लक्षाने जितके मरतात, त्याहून अधिक चुकीच्या मायेने मरतात.

पहिली गोष्ट, तो खरोखर आजारी आहे काय? वैशाखात बांध खणताना मातीत निश्चल बेडूक सापडतो. तो मेलेला किंवा आजारी नसतो. काही जाती कोरड्या दिवसांत जमिनीत शिरून पावसाची वाट पाहतात. त्याला पुन्हा ओलसर मातीत झाकावे, एवढीच त्याची सेवा. पहिल्या पावसात शेतातल्या मोठ्या बेडकाचा नर हळदीसारखा पिवळा होतो, ती कावीळ नव्हे, तो त्याच्या विणीचा रंग आहे. बेडूक आपली कातडी सोलून स्वतःच खातो, तेही नैसर्गिक आहे. याउलट भर दिवसा उघड्यावर बसून राहणे, हात लावला तरी न हलणे, हळूच उलटा केला असता सरळ न होणे, पोट किंवा मांड्यांच्या आतील बाजू लालभडक होणे, अंग फुगणे, डोळा दुधाळ होणे, कातडीचे तुकडे सतत निघत राहणे ही आजाराची लक्षणे समजावीत. उलटे करून पाहण्याची परीक्षा एकदाच घ्यावी. मुलांना तो खेळ वाटतो.

आता बेडकाच्या शरीराची मुख्य गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण सगळी सुश्रूषा तिच्यावर अवलंबून आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीने ते शोषून घेतो. त्याला फुप्फुसे आहेत, पण श्वासाचा मोठा भाग ओल्या कातडीतून चालतो. आपली कातडी म्हणजे भिंत, तर त्याची कातडी म्हणजे उघडे दार. पाण्यात जे असेल, आपल्या हाताला जे लागले असेल, ते त्याच्या रक्तात जाते. साबण, मीठ, तंबाखू, अंगाला लावायचे तेल आणि फवारणीचे औषध हे सर्व त्याला विषच आहे. जखमेवर हळद, चुना किंवा दवाखान्यातले जंतुनाशक लावण्याची सवय येथे घातक ठरते. माणसांच्या काही मलमांत बधिर करणारे औषध असते, तेही बेडकाला सोसत नाही.

पाण्याचेही तसेच. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, ती आपल्या आरोग्यासाठी आवश्यक आहे. बेडकासाठी मात्र असे पाणी किंवा नळाचे पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. स्वच्छ पन्हळीचे पावसाचे पाणी मिळाले तर उत्तम.

त्याला उचलताना हात साध्या पाण्याने चांगले धुऊन ओलेच ठेवावेत. झाकणाला भोके पाडलेला डबा घ्यावा, तळाशी साबणाचा अंश नसलेले ओले सुती फडके अंथरावे. एका बाजूस बशीत इतकेच पाणी असावे की बसलेल्या बेडकाचे नाक वर राहील. अशक्त बेडूक खोल पाण्यात बुडून मरतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. डबा सावलीत, अंधाऱ्या व शांत कोपऱ्यात ठेवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, कारण बेडकाच्या अंगाची उष्णता भोवतालावर अवलंबून असते आणि बंद डबा उन्हात फार लवकर तापतो. फडके व पाणी रोज बदलावे. मळ साफ करताना किळस न करण्याचा तो चौथा गुण येथे कामी येतो.

पहिले दोन दिवस खायला देण्याची घाई नको. दूध, भात, भाकरी हे त्याचे अन्न नव्हे. बेडूक बहुधा हलणारी वस्तूच भक्ष्य म्हणून ओळखतो. सावध झाल्यावर लहान नाकतोडा, वाळवी किंवा गांडुळाचे पिल्लू जवळ सोडावे. त्याने खाल्ले नाही तर काढून घ्यावे. तोंड उघडून काही कोंबू नये.

फवारणी झालेल्या शेतातून किंवा चिकूच्या वाडीतून आणलेला बेडूक थरथरत असेल, पाय ताणून पडला असेल तर विषबाधेची शंका घ्यावी. वर सांगितलेल्या पाण्याने त्याचे अंग पुनःपुन्हा हळुवार धुवावे. लाल मांड्यांचा रोग बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतो. त्याला प्रतिजैविक लागते आणि त्याचे प्रमाण पशुवैद्यानेच ठरवावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बेडूक घेऊन जायला लाजू नये. डॉक्टरांनाही सवय नसेल, पण लक्षणे व दिवस लिहून नेले तर त्यांना मार्ग सापडतो. अधिक उपचारासाठी मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कातडीचा एक बुरशीजन्य रोग जगभर पसरला आहे. तो १९९८ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला. ही बुरशी कातडीत वाढते, शरीरातील क्षारांचा तोल बिघडतो आणि शेवटी हृदय बंद पडते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ५०१ जातींची संख्या या रोगाने घटली आणि त्यांपैकी ९० जाती नष्ट झाल्याचे मानले जाते. आपल्या सह्याद्रीतील बेडकांवरही ही बुरशी आढळली आहे. म्हणून एका तळ्याचा बेडूक दुसऱ्या तळ्यात सोडणे म्हणजे पुण्य नव्हे.

येथे थोडे कडू बोलणे भाग आहे. महाराष्ट्राच्या काही भागांत पाऊस लांबला की धोंडी काढतात आणि त्यात बेडकाला काठीला बांधून घरोघर फिरवतात. कोठे बेडकांचे लग्न लावतात. बेडूक ओरडल्याने पाऊस येत नाही, पाऊस येण्याच्या सुमारास बेडूक ओरडतो. बांधलेला बेडूक उन्हात सुकून मरतो. बाबासाहेबांनी आपल्याला कार्यकारणभाव तपासायला शिकविले, तेव्हा आपल्या मुलांनी तरी यात भाग घेऊ नये. पाळण्याच्या हौसेने रानातला बेडूक पकडून ठेवणेही योग्य नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शंका असल्यास वनरक्षकाला विचारावे. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात, ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. शेतातले कीटक खाणारा हा प्राणी कमी झाला की फवारणी वाढते, आणि फवारणी वाढली की तो आणखी कमी होतो.

आपल्याच पालघर जिल्ह्यात सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली व नवव्याचा १९५६ साली सापडला. त्याच लेखमालेतील दुसऱ्या लेखात, जो गिरनार वगैरे ठिकाणी वाचता येतो, माणसांच्या व पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. आपल्या परंपरेत पशूंचा दवाखाना ही नवी कल्पना नाही, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

राहिला पाचवा गुण, धीर देण्याचा. बेडकाला उपदेश कळणार नाही. त्याच्यापुरता धीर म्हणजे शांतता. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहणे, शेजारच्या मुलांना दाखविणे हे बंद करावे. इतके करूनही तो दगावू शकतो, आणि लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

बरा झाला, उड्या मारू लागला, खाऊ लागला की संध्याकाळी, शक्यतो पावसाळी हवेत, जेथून आणला त्याच जागी सोडावा. डब्यातले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता कोरड्या जमिनीवर लांब ओतावे. डबा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा आणि शेवटी साबणाने हात धुवावेत, कारण बेडकांच्या अंगावरचे काही जंतू माणसाच्या पोटात गेल्यास त्रास देतात. खरबरीत अंगाच्या भेकाला हात लावला असेल तर हात धुण्यापूर्वी डोळे मुळीच चोळू नयेत, त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतील पांढरा स्राव विषारी असतो.