गव्हाचें पथ्य आणि आपलें गोडधोड

मंठ्याच्या परिसरांत ज्वारीची भाकरी हें नित्याचें अन्न होय. परंतु सण आला कीं पुरणपोळी, करंज्या, शंकरपाळे यांच्या रूपानें गहूं पानांत येतोच. बहुतेकांस तो पुष्टिकारक आहे. पण सिलिअॅक नांवाचा विकार असणारांस तो अपाय करितो. गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. तें पोटांत गेलें असतां या रोग्यांच्या लहान आंतड्याचें अस्तर झिजतें, अन्न अंगीं लागत नाहीं व मुलांची वाढ खुंटते. गहूं वर्ज्य केल्यानें अशीं मुलें सुधारतात, हें डच वैद्य विलेम डिके यांनीं १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें. अद्यापि जन्मभराचें पथ्य हाच यावर मुख्य उपाय आहे.

म्हणून मिठाईची पारख नांवावरून न करितां पिठावरून करावी. जिलबी व बालुशाही मैद्याची. शिरा व रव्याचा लाडू गव्हाचाच. गुलाबजामांतही खव्याबरोबर बहुधा मैदा असतो. हे पदार्थ वर्ज्य होत. उलटपक्षीं तांदळाच्या पिठीचे उकडीचे मोदक व अनारसे, तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, श्रीखंड व बासुंदी हे पदार्थ मुळांत निर्दोष आहेत.

तथापि ‘मुळांत’ या शब्दाकडे लक्ष द्यावें. बेसनाचा लाडू हरभऱ्याचा खरा. पण त्यांत कोणी रवा मिसळितात. शिवाय गिरणींत गव्हामागून हरभरा दळला, तर गव्हाचें पीठ त्यांत उतरतें. शंकरपाळे तळलेल्या तुपांतच अनारसे तळले, तरी तोच दोष. आपल्या देशांत ‘ग्लूटेनविरहित’ म्हणून विकावयाच्या पदार्थांत दर किलोस २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लूटेन असूं नये असा नियम आहे. यावरून अल्प अंशही किती जपावा लागतो हें कळेल. सबब डाळ निवडून, गहूं न दळलेल्या स्वच्छ भांड्यांत घरींच दळावी, आणि तळणीस नवें तूप घ्यावें.

विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा असतो. एखाद्या सोबत्यानें तो नाकारिला तर आपण त्यास उद्धट समजतों, किंवा ‘एवढ्याशानें काय होतें?’ म्हणून आग्रह करितों. हा आग्रह प्रेमाचा असला तरी घातक आहे. त्याच्या हातावर केळें व खडीसाखर ठेवावी. तोही प्रसादच होय. ज्यास पथ्य आहे त्याच्या पानाचा विचार आधींच केला, तर त्यास पंगत सोडून उठावें लागणार नाहीं.