नऊ तास घरात एकटं पिल्लू

प्रश्न : पुण्यातील एक नोकरदार जोडपं विचारतं, ३ महिन्यांचं शित्झू पिल्लू रोज घरभर शू-शी करून ठेवतं. दोघंही सकाळी ९ ते संध्याकाळी ६ कामावर. रागावूनही फरक नाही. काय करावं?

उत्तर : यात पिल्लाचा दोष नाही. वय जितके महिने, त्यात एक मिळवला की साधारण तेवढे तास पिल्लू लघवी रोखू शकतं. म्हणजे इथे फार तर ४ तास. छोट्या जातींचं मूत्राशय लहान, म्हणून त्याहूनही कमी. नऊ तासांची अपेक्षा अन्यायाचीच.

दुपारी शेजाऱ्यांनी किंवा घरकामाच्या ताईंनी एक-दोन फेऱ्या मारल्या, तर निम्मं काम होतं. शिवाय बाल्कनीजवळ जागा आडोशाने बंद करून एका टोकाला अंथरूण-पाणी, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र ठेवावं. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यापेक्षा हेच बरं. मालक घरी असताना झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर पिल्लाला लगेच तिथे न्यावं आणि शू होताच, तिथल्या तिथे, खाऊ द्यावा.

ओरडण्याने पिल्लू फक्त लपून शू करायला शिकतं.

डाग एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावा, म्हणजे वास उरत नाही. फिनाइल नको, ते कुत्र्यांना घातक ठरू शकतं. लघवी सारखी थेंबथेंब होत असेल किंवा रक्त दिसलं, तर शिकवणं बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावं.