जुन्या फायलींची उकल

जुनी खतावणी पन्नास वर्षांनीही वाचता येते. संगणकावरील फायलीचे तसे नाही. आजोबांच्या आठवणींची आमच्याकडे एकच प्रत होती, तीही पेजमेकरमधली. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली निघाली. आमच्या नव्या संगणकावर तो प्रोग्रॅम नाही.

अशा वेळी दोन अडचणी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली फायलीच्या बांधणीची. लिब्रेऑफिस २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडते. मांडणी विस्कटली तरी मजकूर हाती येतो. दुसरी अडचण फॉन्टची. युनिकोडपूर्व फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून फॉन्टचे नाव शोधून, त्याच फॉन्टच्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. जुन्या कन्नड फायलींचीही हीच गत आहे. काम मात्र नकलेवर करावे, मूळ फाईल तशीच ठेवावी.

शेवटी रफार व जोडाक्षरे तपासावीत. आमच्या फायलीत मार्कंडेय नदीची 'माकंडेय' झाली होती. ते मला कळले. पण जुन्या माणसांची नावे आजीनेच दुरुस्त करून दिली. मित्रहो, सांगणारे आहेत तोवरच घरच्या फायली उघडून पाहा.