खाटेवरचा कारभार

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला घरी आणल्यानंतर त्याच्याभोवती जी माया एकवटते, तिच्यापायी त्याचे जे हाल होतात, त्यांची दाद त्याने कोणाकडे मागावी, हे अद्याप कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. नांदेडच्या घरी न्हाणीत पाय घसरून मी पडलो, यथावकाश शस्त्रक्रिया पार पडली आणि माझी रवानगी लातूरला, औसा रोडवरील मुलाच्या घरी झाली. भूमी अभिलेख खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला जप्ती म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. येथे मात्र ती माझ्यावरच बजावण्यात आली. मनगटी घड्याळ, चष्मा, श्रवणयंत्र, पाकीट आणि मोबाईल या पाचही वस्तू ‘हरवू नयेत’ म्हणून कपाटात कुलूपबंद झाल्या, उन्हाची तिरीप नको म्हणून खिडकीवर पडदा आला, आणि मी काही मागू लागलो की सूनबाईंचे एकच प्रेमळ उत्तर ठरलेले असे : ‘‘मामा, तुम्हाला काय करायचंय? निवांत पडून राहा की.’’

या निवांतपणाचे फळ लवकरच दिसले. दिवस कोणता आणि रात्र कोणती याचा ताळमेळ सुटून एका मध्यरात्री मी त्या खोलीलाच कचेरी समजलो आणि शिपायाला मिसल आणण्याचा हुकूम सोडला. घरात रडारड झाली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असा निकालही लागला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना असा भ्रम होणे मुळीच दुर्मीळ नसते, आणि जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची वा क्षारांची कमतरता किंवा एखादे औषध ही त्याची कारणे असू शकत असल्यामुळे डॉक्टरांना तत्काळ कळवणे हेच प्रथम कर्तव्य होय. आमच्या डॉक्टरांनी तपासण्या तर केल्याच. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘यांचा चष्मा कुठंय?’’ ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही आणि किती वाजले हे कळत नाही, त्याचे मन अंधारात भलतीकडे भरकटले तर त्यात नवल कसले? म्हणून रुग्ण घरी येताच त्याचा चष्मा, श्रवणयंत्र आणि दातांची कवळी त्याच्या स्वाधीन करावी, समोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि दिनदर्शिका लावावी, आणि खाट अशी ठेवावी की दिवसाचा उजेड व रस्त्यावरची वर्दळ दोन्ही दृष्टीस पडतील.

आता समाचाराला येणाऱ्यांविषयी. आपल्या मराठवाड्यात आजाऱ्याला भेटून येणे हा धर्मच समजला जातो आणि तो सोडावा असे मीही म्हणणार नाही. परंतु बिस्किटांच्या पुड्याबरोबर ‘आमचे चुलते असेच पडले, ते काही उठले नाहीत’ ही कथाही भेट देणारे महाभाग प्रत्येक आप्तवर्गात असतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात पोकळ धीर आणि फुकट सल्ले देणाऱ्यांसाठी एक आख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. तेव्हा ही व्याधी केवळ आमच्या प्रांताची नव्हे. आम्ही संध्याकाळचा एक तास मुक्रर केला, एका वेळी दोघांपलीकडे कोणी नाही असा दंडक घातला, आणि जो येईल त्याला एखादे काम सांगितले : औषध आणून देणे, किंवा सूनबाई स्नान उरकेपर्यंत बसून राहणे. रिकाम्या हाती बसलेला पाहुणा सल्ले देतो. काम सांगितलेला पाहुणा उपयोगी पडतो आणि लवकर उठतोही.

शरीराची तरतूद थोडक्यात सांगतो, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते आणि मोडलेल्या पायावर भार किती द्यावा हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दोन-दोन तासांनी बदलावी, माकडहाड आणि टाचा रोज उघड्या करून पाहाव्यात, कारण शय्याव्रणाची सुरुवात तेथेच एका लालसर डागाने होते. परवानगी मिळताच जेवण खाटेवर न देता खुर्चीत बसवून द्यावे. पोटरी एकाएकी सुजली, दम लागला, किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

परंतु ज्यासाठी ही लेखणी उचलली तो विषय वेळेचा आहे. माझ्यासाठी दूरचित्रवाणी संच खोलीत आणण्यात आला, भजनांच्या फिती लावण्यात आल्या, आणि एका शेजारणीच्या सांगण्यावरून तूरडाळीचे ताट पुढे ठेवून ‘‘मामा, खडे बघा बरं’’ असे सांगण्यात आले. लातूरच्या दालमिलमधून आलेल्या त्या पिवळ्याधमक डाळीत खडा औषधालाही नव्हता, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. लटके काम हाती आलेल्या माणसाला आपली किंमत काय उरली हे जितके लख्ख कळते, तितके ते उघड अपमानानेही कळत नसेल. मूळच्या अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली, तिच्यामागची दृष्टी हीच होती की, हातांना अर्थपूर्ण काम देणे हा उपचाराचाच भाग होय. किल्लारीच्या भूकंपानंतरही मी याचे प्रत्यंतर घेतले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर घरांच्या दुरुस्तीचा आणि बळकटीकरणाचा जो कार्यक्रम चालला, त्यात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. स्वतःचे घर खचलेली बाई दुसऱ्याच्या अंगणात उभी राहून सिमेंटचा आणि अनुदानाचा हिशेब समजावून देताना मी पाहिली आहे.

मला पहिले खरे काम दिले ते नळाने. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात नळ केव्हा येणार ही गोष्ट थट्टेची नाही. माझी खाट खिडकीशी आल्यावर गल्लीतली पहिली चाहूल मलाच लागू लागली. तेव्हा वही, पेन्सिल आणि घंटी माझ्याकडे आली, आणि नळ आल्या-गेल्याची नोंद ठेवून वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडालाही फोन करण्याची जबाबदारी माझी ठरली. दुसरे काम नातवाचे. ‘लातूर पॅटर्न’च्या या गावात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा विद्यार्थी ज्या घरी असतो तेथे कुजबुजही जपून होते, माझी झोप तशीही पहाटे मोडत असे, म्हणून त्याला उठवणे आणि त्याची जीवशास्त्राची घोकंपट्टी पुस्तक हाती धरून तपासणे मी पत्करले. शब्द मला कळत नसत. अडखळणे मात्र बरोबर कळे.

तिसरे काम आपल्या पायांनी चालत आले. निजामी अमदानीतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून उर्दू दस्तऐवज वाचणाऱ्यांचा तुटवडा पडला आहे, आणि नोकरीत एका वयोवृद्ध कारकुनाकडून मी ती लिपी शिकलो होतो. औशाकडचे एक गृहस्थ झेरॉक्सची गड्डी घेऊन आले. शिकस्ता वळणाची ती घसटी अक्षरे भिंगाखाली धरून ‘वल्द’ आणि ‘साकिन’ यांच्यामधले नाव सोडवायचे, फसली सनात 590 मिळवून इसवी सनाचा अदमास घ्यायचा, आणि शंका असेल तेथे शंकाच लिहायची, यात सकाळ कशी सरे ते कळत नसे. ताठ बसल्याशिवाय भिंग धरता येत नसल्यामुळे व्यायामही आपसूक घडे. शेरा मात्र न चुकता असे की, हे वाचन खासगी आहे, सरकारदरबारी ग्राह्य नाही.

प्रत्येकाला उर्दू येणार नाही. पण दूधवाल्याचा हिशेब, विजेच्या देयकाची मुदत, बियाण्यांची निवड, लेकीबाळींच्या पत्रिका, यांपैकी काहीतरी त्याचे असतेच. ते सोपवताना एवढेच पाहावे की, त्याने केले नाही तर कोणाचे तरी खरोखर अडले पाहिजे. आणि तो थकला तर ‘राहू द्या’ म्हणून काढून न घेता त्यालाच निम्मे करू द्यावे.

राहता राहिली शुश्रूषा करणारी. माझ्या वेदनेची चौकशी सारे गाव करी, सूनबाईंच्या पाठीची कोणी केली नाही. महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या जत्रेला जायचे तिने मनातच ठेवले होते, हेही मला नातवाकडून कळले. पाणी, चार्ज केलेला फोन, लघवीचे भांडे आणि घंटी हाताशी ठेवून, शेजारच्या मुलाला दाराशी अभ्यासाला बसवून आम्ही तिला पाठवले. त्यानंतर माझ्या मुलीने दर पंधरवड्याला नांदेडहून येऊन दोन दिवस माझे सारे पाहायचे, असे ठरवून कागदावर लिहिले, दोघींच्या सह्या घेतल्या आणि तो कागद फ्रीजवर चिकटवला. तोंडी ठरले असते, तर पहिल्याच लग्नसराईत ते मोडले असते.