बायॉप्सीची तारीख येईपर्यंत

साठी-सत्तरी ओलांडलेली वडीलधारी मंडळी आज घरोघर दिसतात, ही आनंदाची गोष्ट होय. पण त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला एक प्रसंग येतो. पी.एस.ए. ही रक्तचाचणी वाढलेली येते, मग एम.आर.आय. होतो, त्यात 'संशयास्पद जागा' असा शेरा मिळतो, आणि डॉक्टर बायॉप्सीची तारीख देतात. ती पुष्कळदा काही आठवडे पुढची असते. तोवर वडील बोलत नाहीत, मुले विचारीत नाहीत, आणि आई देवापाशी दिवा लावून गप्प बसते. या अबोल दिवसांत थोडे ज्ञान हाती असावे, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ग्रंथी व तिच्या चाचण्या

पौरुषग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही मूत्राशयाच्या खाली असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते व मूत्रमार्ग तिच्यामधून जातो. वयानुसार ती वाढते, म्हणून लघवीस वेळ लागतो, रात्री उठावे लागते. ही वाढ बहुधा साधी असते, कर्करोग नव्हे. पी.एस.ए. हे याच ग्रंथीतून स्रवणारे प्रथिन आहे. ग्रंथी मोठी झाली, तिला सूज आली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरीही त्याचे प्रमाण चढते. सारांश, वाढलेला आकडा हा प्रश्न आहे, उत्तर नव्हे.

एम.आर.आय.च्या अहवालात 'पायरॅड्स' नावाची १ ते ५ अशी श्रेणी असते. १ व २ म्हणजे धोकादायक रोगाची शक्यता कमी, ३ म्हणजे अनिश्चित, ४ म्हणजे शक्यता बरीच, ५ म्हणजे फारच अधिक. ही शक्यतेची मोजणी आहे, रोगाचा टप्पा नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. जुनी सूज, क्वचित क्षयाची बाधाही चित्रात अशीच दिसू शकते. म्हणूनच तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

आधी चित्र व मग सुई, हा क्रम का, याचे उत्तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० पुरुषांच्या एका अभ्यासाने दिले. एम.आर.आय. आधी केलेल्या गटातील २८ टक्के पुरुषांना बायॉप्सीची गरजच पडली नाही, आणि तरीही उपचारयोग्य, गंभीर रोग अधिक जणांत सापडला: जुन्या पद्धतीने २६ टक्के, नव्या पद्धतीने ३८ टक्के.

तारखेपूर्वी काय करावे

रोज घेत असलेल्या सर्व औषधांची यादी करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. हृदयविकारात तसे करणे जिवावर बेतू शकते. मधुमेह, औषधांची ॲलर्जी, लघवीची जळजळ वा ताप असल्यास तेही सांगावे. संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत बायॉप्सी पुढे ढकलतात. एम.आर.आय.ची चित्रे सोबत न्यावीत.

बायॉप्सी सोनोग्राफीच्या साहाय्याने होते. सुई गुदमार्गातून किंवा वृषणांच्या मागील त्वचेतून घालतात. जागा बधिर करतात, व बारीक धाग्यासारखे साधारण १०-१५ तुकडे घेतात. नंतर काही दिवस लघवीत थोडे रक्त दिसते, वीर्यात ते काही आठवडे दिसू शकते. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

'सुई लागली की रोग पसरतो' ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. तसे घडणे अत्यंत विरळ आहे. त्या भीतीपोटी तपासणी टाळणे मात्र खरोखर घातक ठरू शकते.

अहवाल कसा वाचावा

कर्करोग सापडलाच, तर 'ग्लीसन' नावाचा अंक येतो. अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांची ही पद्धत १९६६ साली प्रसिद्ध झाली. आज या अहवालात ६ हा सर्वांत सौम्य अंक असतो, म्हणून दहांपैकी सहा वाचून घाबरू नये. अशा सौम्य रोगावर पुष्कळदा लगेच शस्त्रक्रिया न करता केवळ नियमित लक्ष ठेवतात. ब्रिटनमधील १,६४३ पुरुषांच्या अभ्यासात, ज्यांचा रोग बहुतेक ग्रंथीपुरताच होता, त्यांच्यापैकी सुमारे १५ वर्षांत या रोगाने फक्त २.७ टक्के दगावले. देखरेख, शस्त्रक्रिया वा किरणोपचार, तिन्ही गटांत हे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

हा रोग बहुधा सावकाश वाढतो, म्हणून काही आठवड्यांच्या प्रतीक्षेने सहसा नुकसान होत नाही. परंतु पाठीत सतत वेदना, पायांत अचानक अशक्तपणा किंवा लघवी पूर्ण बंद होणे, यांपैकी काही घडल्यास तारखेची वाट पाहू नये.

शेवटी कुटुंबीयांना एवढेच सांगणे आहे. वडिलांबरोबर दवाखान्यात कोणीतरी जावे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि घरात या विषयावर उघडपणे बोलावे. लघवीच्या तक्रारीत लाजण्यासारखे काही नाही. ज्या घरात बोलणे होते, तेथे तारीख येईपर्यंतचे दिवस निश्चित हलके जातात.